किनाऱ्यावरच्या अभयारण्यात जाताय? आधी भरतीची वेळ बघा

लांबचोच

किनारी अभयारण्यात जाऊन आलेल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते: "फोटोत हजारो पक्षी होते, आम्ही गेलो तर नुसता चिखल." बहुतेक वेळा पक्षी तिथेच असतात, फक्त लांब, पाण्याच्या कडेला, साध्या डोळ्यांना नुसते ठिपके दिसतील इतक्या अंतरावर. चुकलेली असते ती वेळ. जंगलात पहाट नाहीतर संध्याकाळ धरून जायची आपली सवय असते आणि तीच आपण किनाऱ्यावरही नेतो. किनाऱ्यावर मात्र सूर्याहून चंद्राचं जास्त चालतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज सकाळी आठला पूर्ण भरती असेल, तर आठवड्याने सकाळी आठला जवळजवळ पूर्ण ओहोटी असेल. "मित्र गेला होता तेव्हा सकाळी खूप पक्षी होते" या माहितीचा पुढच्या आठवड्यात काहीच उपयोग होत नाही तो यामुळे.

चिखलात खाणारे पक्षी पाण्याच्या रेषेमागे फिरतात. ओहोटीला पाणी मागे गेलं की ते मैलोन् मैल पसरतात. भरती चढायला लागली की उघडा चिखल कमी कमी होतो आणि हेच पक्षी आपसूक किनाऱ्याकडे ढकलले जातात. म्हणून भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोहोचायचं, एक जागा पकडायची आणि तिथून हलायचं नाही. आपण त्यांच्याकडे गेलो तर ते उडतात, आपण बसून राहिलो तर पाणी त्यांना आपल्याकडे आणतं. मला या धाग्यात मुख्यतः एवढंच सांगायचंय, बाकीचं तुमच्या प्रश्नांतून येऊ दे.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. भरतीचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं पाणी येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. पक्ष्यांची सगळ्यात जास्त हालचाल याच वेळात बघायला मिळते, आणि चिखलात फिरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त धोकाही याच वेळात असतो.

तिवरपान

फार गरजेचा धागा. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची हा जुना हिशोब आहेच की. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तो वापरला तर चालेल ना?

लांबचोच

तिवरपान, ज्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला पूर्ण भरती येते, तिथे तो हिशोब अगदी छान बसतो. दुसरीकडे किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांमुळे वेळ काही तासांनी पुढेमागे होते. खाडीत आत जावं तशी ती आणखी सरकते: मुखाशी भरती पूर्ण झालेली असते तेव्हा आत पाणी चढतच असतं. त्यामुळे जिथे जाणार तिथल्या जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघणं केव्हाही चांगलं.

तिथीचा दुसरा उपयोग मात्र सगळीकडे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बऱ्याचदा एक-दोन दिवस नंतर, उधाण असतं, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणात ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि भरतीला नेहमीच्या कोरड्या जागाही बुडतात. मग पक्ष्यांना उभं राहायला मोजक्याच जागा उरतात आणि प्रचंड मोठे थवे एकत्र दिसतात. भांगाला पाण्याची चढउतार कमी, त्यामुळे बघणं निवांत होतं, पण थवे विखुरलेले असतात.

पहाटवारा

मी यातली अगदी नवीन आहे. दुर्बीण घ्यावी का, घेतली तर कुठली? आणि सगळे पक्षी करडे-तपकिरी दिसतात, ते ओळखायचे कसे?

कालवफोड्या

पहाटवारा ताई, दुर्बीण ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते, आणि किनाऱ्यावर वारा असतोच. लांबचे थवे नीट बघायचे तर २० ते ६० पटीची तिपाईवरची दुर्बीण लागते, पण ती पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. अशा ठिकाणी ती लावून बसलेलं कुणी ना कुणी भेटतं, आणि विनंती केली तर बहुतेक जण आनंदाने बघू देतात. एक मात्र आहे, ऊन तापलं की ओल्या चिखलावरची हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडी भिंगं असली तरी चित्र हलतं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. समोर सूर्य असेल तर सगळेच पक्षी काळे दिसतात.

ओळखीचं म्हणाल तर सुरुवातीला रंग सोडून द्या. थंडीच्या महिन्यांत यातले बरेचसे खरोखरच करडे असतात. त्यांची चोच बघा आणि ते खातात कसे ते बघा. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो, कारण तो डोळ्यांनी शोधतो. छोटे तुतवार मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखे चिखलाच्या वरच्या थरात टोचत जातात. गॉडविटची चोच लांब आणि किंचित वर वळलेली, ती चिखलात पार मुळापर्यंत जाते. कोरलची खाली वाकलेली, बिळातला खेकडा बाहेर ओढायला सोयीची. एकाच चिखलात एवढ्या जाती एकमेकींच्या आड न येता जेवू शकतात, कारण प्रत्येकीची चोच वेगळ्या खोलीवर पोहोचते.

यात मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो नॉट नावाचा पक्षी. त्याच्या चोचीच्या टोकाला दाब जाणवणाऱ्या सूक्ष्म पेशींचे पुंजके असतात. ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूतलं पाणी दाबलं जातं, आणि जवळ शिंपला पुरलेला असेल तर तो दाब वेगळा जाणवतो. शिंपल्याला स्पर्श न होताही तो आहे हे त्याला कळतं.

सुरय

कालवफोड्या, सुंदर लिहिलंय. मी थोडं अंतराबद्दल लिहिते, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकलेला असतो.

हे पक्षी आपल्याला दिसतात तेव्हा बऱ्याचदा प्रवासाच्या मध्यावर असतात. २०२२ साली एक बार-टेल्ड गॉडविट, तोही त्याच वर्षी जन्मलेलं पिल्लू, अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांनी थेट टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर. मध्ये कुठेही खाणं नाही, पाणी नाही, उतरणं नाही. अंगावर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं म्हणून हे कळलं. अशा उड्डाणाआधी गॉडविट भरपूर चरबी साठवतात आणि त्यांचे जठर-आतड्यांसारखे अवयव आक्रसतात, म्हणजे तेवढं वजन कमी वाहावं लागतं. अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरात नॉट पक्षी नालखेकड्यांची अंडी खाऊन दोनेक आठवड्यांत स्वतःचं वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि मग आर्क्टिकला निघतात.

आता विचार करा. ओहोटीचे काही तास एवढाच त्यांचा जेवणाचा वेळ. त्यात कुणी तरी मुद्दाम थवा उडवतं, कारण उडणाऱ्या थव्याचा व्हिडिओ छान येतो. तो थवा उडाला की साठवलेलं जळतं आणि खायचा वेळही जातो. पुन्हा दुसरा गट येतो, पुन्हा उडवतो. असं दिवसभर चाललं, महिनाभर चाललं, तर त्या पक्ष्याने निघायचं कसल्या जोरावर?

भरतीच्या वेळचा थवा तर अजिबात उडवू नका. एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसून झोपलेले दिसतात ना, तो त्यांचा विश्रांतीचा वेळ. तेव्हा त्यांना दुसरीकडे जायला जागाही नसते, सगळीकडे पाणी.

किती अंतर ठेवावं याचा एकच आकडा नाही, जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे ते बदलतं. पक्षी स्वतः सांगतात. आधी खाणं थांबतं आणि माना वर होतात. मग ते तुमच्यापासून लांब चालायला लागतात. मग उडतात. माना वर झाल्या की तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. पुन्हा खायला लागले म्हणजे तुमचं अंतर बरोबर आहे.

तिसराडोळा

सुरय ताई, तुमची कळकळ समजते, पण मी थोडा असहमत आहे. मी फोटो काढतो. लोकांना लांबचे ठिपके दाखवून कुणाला या जागांबद्दल प्रेम वाटणार नाही. जवळून काढलेला एक चांगला फोटो बघून कितीतरी जण पहिल्यांदा किनाऱ्यावर येतात. सगळीकडे "लांब राहा" म्हटलं तर हे जग मूठभर जाणकारांचंच राहील.

सुरय

तिसराडोळा, जवळचा फोटो हवा यात काहीच वावगं नाही. तो मिळवण्याची रीत लांबचोच यांनी पहिल्याच लेखात सांगितली आहे. भरती चढायच्या आधी पाण्याच्या येण्याच्या वाटेवर, पायवाटेच्या किंवा लपणाच्या (पक्षी बघायला बांधलेल्या आडोशाच्या) हद्दीतच, जमिनीलगत बसा किंवा पोटावर झोपा. उभ्या माणसाची आकृती त्यांना घाबरवते, न हलणारा बुटका आकार फारसा नाही. पाणी चढतं तसे ते खात खात पुढे येतात आणि कधीकधी भिंगाच्या किमान अंतराच्याही आत येतात. डोळ्याच्या पातळीवरचा तो फोटो, पाठलाग करून काढलेल्या उडत्या पाठीच्या फोटोपेक्षा कधीही सरस. आणि नवीन माणसांना जोडायचं म्हणता, तर त्या फोटोखाली तो कसा काढला हेही लिहा, ते फार मोलाचं होईल.

ड्रोन मात्र नको, कुठल्याही कारणासाठी नको. वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी पक्षी, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या किनारी राखीव क्षेत्रात २०२१ च्या मे महिन्यात सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळला. हजारो पक्षी उडाले ते घरट्यांकडे परतलेच नाहीत. किमान १,५०० अंडी तशीच वाळूत राहिली, एकातूनही पिल्लू निघालं नाही. ड्रोनला तिथे बंदी होतीच.

तिसराडोळा

ड्रोनबद्दल पूर्ण सहमत. बोल्सा चिकाची गोष्ट माहीत नव्हती, वाचून वाईट वाटलं. बसून राहण्याची रीत पुढच्या वेळी नक्की करून बघतो, आणि फोटोखाली लिहायचंही पटलं.

शिंपलावेडी

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. लहान मुलं दोन तास दुर्बीण घेऊन बसत नाहीत आणि बसूही नयेत. त्यांच्यासाठी ओहोटी उत्तम! पायाशीच इतकं चाललेलं असतं.

ओल्या वाळूवर वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना, ती छोट्या खेकड्यांची. वाळू तोंडात घालून त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. एका जागी हालचाल न करता बसलं की दोन-चार मिनिटांत ते बिळातून बाहेर येतात. चिखलात एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा दिसला की तो नर, आणि ती नांगी हलवून तो मादीला बोलावत असतो नाहीतर दुसऱ्या नराला बजावत असतो. निवटी दिसली तर मुलं जागची हलत नाहीत. मासा असून ती चिखलावर उड्या मारत फिरते, अंग आणि तोंड ओलं असेल तोवर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेऊ शकते.

खडकाळ किनारा असेल तर कातळातल्या डबक्यांत समुद्रफुलं, तारामासे, छोटी कोळंबी दिसते. दगड उलटून बघितला तर जसा होता तसाच हळूच परत ठेवायचा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. आणि मुलांना एक गोष्ट पक्की सांगा, सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असू शकतो, तो उचलायचा नाही. त्यातल्या काही जातींचा दंश माणसाचा जीव घेतो. वाळूवर पडलेली निळी फुगीर पिशवी दिसली तर तिलाही हात नको, मेल्यावरही तिचे धागे डंख मारतात.

रिकामे शंखसुद्धा घरी आणू नका असं मी म्हणते. राखीव क्षेत्रात तर बऱ्याच ठिकाणी ते नियमातच असतं. शंखखेकड्याला वाढत्या अंगाबरोबर मोठं घर शोधावं लागतं, आणि ते त्याला तिथेच मिळतं.

निवटी

+१. कुत्र्यांचंही लिहा कुणीतरी. "आमचा काही करत नाही" हे ऐकून कान किटले. तो काही करत नसेल, पण पक्ष्याला तो कोल्ह्यासारखाच दिसतो.

तिवरपान

निवटी, अगदी. विणीच्या हंगामात तर बांधलेला कुत्राही वाळूच्या वरच्या पट्ट्यात नको. चिखल्या आणि सुरय यांची घरटी म्हणजे उघड्या वाळूतला नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे भरतीच्या रेषेच्या वरून चालण्याऐवजी खालच्या ओल्या, घट्ट वाळूतून चाला. समोर एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरपटत चालला, तर त्याला मदत करायला धावू नका. तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय. जागच्या जागी थांबा, पायाखाली नीट बघा आणि आल्या पावलांच्या ठशांवरूनच परत फिरा. तुम्ही जितका वेळ तिथे उभे राहाल तितका वेळ अंडी उन्हात उघडी राहतात.

कासवांच्या किनाऱ्यावर रात्री जाणार असाल तर पांढरा उजेड पूर्ण बंद, मोबाईलचासुद्धा. पिल्लं वाळूतून वर आली की ज्या बाजूला क्षितिज उजळ असेल तिकडे चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, पण मागे दिवे असतील तर ती उलटी जमिनीकडे जातात. अंडी घालायला आलेली मादी चढताना फार सावध असते, तेव्हा कुणी हललं तरी ती तशीच परत फिरू शकते. तिथल्या रक्षकांबरोबरच जा आणि ते सांगतील तेवढंच पुढे व्हा.

गाळपाऊल

चिखलात चालण्याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. एकट्याने अनोळखी चिखलात उतरू नका, बस. भरती नेहमी समोरूनच येत नाही. सपाट चिखलात नाळ्या, म्हणजे पाण्याचे खोलगट चर, असतात. तुम्ही समोरचं पाणी बघत उभे असता आणि पाठीमागची नाळ आधी भरते. परतायला वळाल तेव्हा छातीएवढं पाणी. वर लांबचोच यांनी मधल्या दोन तासांचं सांगितलंय, ते याच्याशी जोडून वाचा.

पाय रुतलेच तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन पाय आणखी घट्ट बसतो. मागे रेला, शक्य तर बसा म्हणजे वजन पसरेल, पाय हलवून भोवती पाणी शिरू द्या आणि एकेक करून सोडवा. मग गुडघ्यांवर रांगत घट्ट जमिनीकडे. फोनला चार्ज असताना मदत मागा, पाणी चढायची वाट बघू नका.

चिखलवाट चालायचीच हौस असेल तर जाणकार वाटाड्याबरोबर चाला. उत्तर युरोपातल्या वाडन समुद्रात लोक असेच वाटाड्यांबरोबर ओहोटीत मैलोन् मैल चालतात. त्याचा डच आणि जर्मन भाग २००९ साली जागतिक वारसा यादीत आला, डेन्मार्कचा २०१४ मध्ये. दरवर्षी एक कोटीच्या वर पक्षी तिथून जातात.

मंदवाट

आईला घेऊन जायचंय. तिचे गुडघे दुखतात, लांब चालवत नाही. तिच्यासाठी काही करता येईल का, की हे सगळं धडधाकट माणसांचंच?

लांबचोच

मंदवाट, मुळीच नाही. बसून बघणं हीच इथली उत्तम रीत आहे, त्यामुळे तुमच्या आईंना काहीच कमी पडणार नाही. जाण्याआधी तिथल्या कार्यालयात फोन करून चार गोष्टी विचारा: वाहनापासून लपणापर्यंत अंतर किती, वाट लाकडी फळ्यांची आहे की वाळूची, मध्ये बसायला बाक आहेत का आणि स्वच्छतागृह कुठे आहे. संकेतस्थळावर "सुगम" लिहिलेलं असतं तेवढ्यावर जाऊ नका. घडीची खुर्ची बरोबर ठेवा.

कांदळवनातून जाणारी फळ्यांची वाट असेल तर ती निवडा. सावली असते, चढउतार नसतो आणि कठड्याला टेकून कितीतरी बघता येतं. तिवराच्या भोवती चिखलातून वर आलेले बोटांसारखे कोंब म्हणजे त्याची श्वसनमुळं, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो म्हणून ती हवेतून घेतात. पानाच्या मागे-पुढे मिठाचे कण चमकताना दिसतील, जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप होऊन खाली लोंबतं. हे सगळं आईंना खुर्चीत बसून दाखवता येईल.

कालवफोड्या

एक राहिलं. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी अडकवलेलं रंगीत कडं किंवा छोटा झेंडा दिसला तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं वाचता आली तर ती, एवढं टिपून ठेवा. दोन झेंडे असतील तर त्यांचा क्रमही. बऱ्याच ठिकाणी रंगांवरून तो कुठल्या देशात अडकवला ते कळतं. फोटो धूसर आला तरी पुसून टाकू नका, अक्षर कधीकधी त्यातूनच वाचता येतं. स्थानिक पक्षिगणना करणाऱ्यांकडे ती नोंद पाठवली की त्या पक्ष्याचा पूर्ण प्रवास तुम्हाला कळवतात. आणि वाचण्यासाठी म्हणून पक्ष्याच्या जवळ जाऊ नका.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी कोष्टक बघितलं. येत्या शनिवारी भरती दुपारी १:१० ला आहे. मग निघू किती वाजता? आणि लपण पश्चिमेकडे तोंड करून आहे, ते चालेल?

लांबचोच

साडेदहाच्या आत लपणात बसलेल्या असा. पश्चिमेकडे तोंड असेल तर सकाळभर सूर्य तुमच्या पाठीशी, उजेड उत्तम मिळेल. बाराच्या सुमाराला थवे सगळ्यात जवळ असतील, एकच्या आसपास ते झोपायला लागतील, तेव्हा हळूच निघा. दीडनंतर ऊन समोर येत जाईल, थांबून फार काही दिसणार नाही. शनिवारच्या आसपास अमावास्या किंवा पौर्णिमा आहे का तेवढं बघून इथे लिहा. उधाण असेल तर लपणापर्यंतची वाट पाण्याखाली जाते का, हे तिथल्या रक्षकाला आधी विचारावं लागेल.